रंगाचा हिशोब : पेढीसाठी कॅमेरा निवडताना

येवल्याची पैठणी जाणता विक्रेता घडी घातलेली दाखवत नाही; पदर उलगडून, हातावर घेऊन, किंचित फिरवून दाखवतो. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असले, की एकीकडून हिरवी भासणारी साडी दुसरीकडून पाहताच निळसर होते, आणि या धूपछाँवीतच तिचे निम्मे मोल असते. समोर बसलेल्या ग्राहकाला हे दाखवणे कधीच अवघड नव्हते. ट्यूबलाइटखाली रंगाची खात्री पटली नाही, तर साडी दाराशी नेऊन उन्हात धरली जाई आणि सौदा होई. आता तोच ग्राहक नागपुरात किंवा दुबईत बसून मोबाइलच्या पडद्यावर साडी पसंत करतो आणि पार्सल उघडल्यावर ‘दाखवला तो रंग हा नव्हे’ असे कळवतो. साडी परत येते. दोन्ही वेळचे भाडे अंगावर पडते, मोडलेली घडी पुन्हा नव्यासारखी बसत नाही, आणि ज्या पेढीच्या शब्दावर तीन पिढ्या माल उधार मिळत आला, तिचा शब्द एका अनोळखी ग्राहकापुढे खोटा ठरतो. वस्तुतः कोणाच्या मनात खोट नसते. चित्रात रंगच उतरलेला नसतो.

अशा घरांतून हल्ली एक मागणी हमखास पुढे येते. घरातील मुलगा, सून किंवा नुकतीच वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली मुलगी म्हणते, मोबाइलवर भागत नाही; छायाचित्रे आणि व्हिडिओ दोन्हींना चालेल असा परवडणारा कॅमेरा घेऊ आणि ‘कलर ग्रेडिंग’, म्हणजे चित्रीकरणानंतर दृश्यातील रंग, उजेड आणि छाया यांवर करावयाचे संस्कार, घरीच करू. वडीलधारे किंमत विचारतात. तरुण मंडळी मेगापिक्सेल सांगतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीक आहेत. तथापि ज्या आकड्यावर रंगाचे खरेपण अवलंबून असते, तो या बोलण्यात बहुधा येतच नाही.

छायाचित्राच्या कॅमेऱ्याने व्हिडिओही घ्यावा, ही कल्पना फार जुनी नाही. २००८ साली निकॉनच्या डी९० या डीएसएलआर कॅमेऱ्यात प्रथम व्हिडिओची सोय आली, आणि त्याच वर्षी कॅननच्या ५डी मार्क टू या कॅमेऱ्याने फुल-फ्रेम सेन्सरवर फुल एचडी चित्रीकरण शक्य केले. पुढे २०१७ मध्ये पॅनासोनिकच्या जीएच५ने १०-बिट, ४:२:२ प्रतीचा ४के व्हिडिओ कॅमेऱ्यातील कार्डावरच उतरवून दाखवला. तोवर अशा नोंदीसाठी बहुधा कॅमेऱ्याला बाहेरून वेगळा रेकॉर्डर जोडावा लागे. आज तीच सोय मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यांत मिळते, आणि व्यापारी घराने नेमकी तीच मागावी.

कॅमेऱ्याची खतावणी

८-बिट आणि १०-बिट या शब्दांनी बिचकण्याचे कारण नाही. कॅमेरा प्रत्येक दृश्य लाल, हिरवा आणि निळा या तीन खात्यांत लिहितो. ८-बिट नोंदीत प्रत्येक खात्याला २५६ पायऱ्या असतात. १०-बिट नोंदीत १,०२४. तिन्हींच्या मेळाने पहिल्या पद्धतीत सुमारे १ कोटी ६७ लाख छटा होतात, दुसरीत सुमारे १०७ कोटी. ज्याने खतावणी पूर्ण रुपयांत लिहिली, त्याला वर्षाअखेर पैशांचा हिशोब काढता येत नाही. ८-बिट व्हिडिओवर रंगसंस्कार करताना नेमके हेच घडते. आमसुली शालूच्या घड्यांतील काळोख थोडा उजळायला जावे, तर मधल्या छटा नोंदलेल्याच नसल्यामुळे सलग उताराऐवजी पट्टे दिसू लागतात. साडीमागच्या साध्या भिंतीवर तर ते अधिकच उठून दिसतात.

येथे एक रास्त शंका निघते. ग्राहकाच्या फोनवर पोहोचणारा व्हिडिओ शेवटी ८-बिटच असतो, मग १०-बिटचा खर्च कशासाठी? उत्तर शिंप्याच्या दुकानात मिळते. ब्लाऊजच्या शिलाईत आत राखून ठेवलेले जादा कापड अंगावर दिसत नाही, पण ते नसेल तर ब्लाऊज पुढे सैल करता येत नाही. रंग दुरुस्त करताना लागणारी जागा ही अशीच आतली असते.

४:२:० आणि ४:२:२ हे आकडेही त्याच जातीचे. फाइल लहान ठेवण्यासाठी कॅमेरा उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूची करतो, पण रंगाच्या नोंदीत काटकसर करतो. ४:२:० मध्ये चार बिंदूंमागे रंगाची एकच नोंद असते. ४:२:२ मध्ये दोन बिंदूंमागे एक. लग्नसमारंभाच्या व्हिडिओत हा फरक सहसा जाणवणार नाही. हिरव्या अंगावरचा बारीक लाल काठ किंवा पदरावरच्या मोराच्या मानेतील निळे-हिरवे धागे यांत मात्र रंग कडेला ओघळल्यासारखा दिसतो, आणि विणकराची सारी कारागिरी त्या कडेतच असते.

तिसरा शब्द ‘लॉग’. सोनीचा एस-लॉग, कॅननचा सी-लॉग, पॅनासोनिकचा व्ही-लॉग, फुजीफिल्मचा एफ-लॉग, निकॉनचा एन-लॉग. नावे निरनिराळी, तत्त्व एकच. जरीची चमक आणि घडीतील सावली, दोन्ही एकाच दृश्यात सामावावी म्हणून कॅमेरा उजेडाच्या नोंदी दाबून, फिकट करून लिहितो. असा व्हिडिओ प्रथम पाहणाऱ्याला धुळकट वाटतो. संगणकावर त्यावर संस्कार केल्यावरच रंग खुलतात. म्हणूनच लॉग आणि १०-बिट यांची जोडी हवी. काही स्वस्त कॅमेऱ्यांत लॉग असतो पण नोंद ८-बिटच असते. तेथे तो लॉग वापरू नये. साधी, सौम्य रंगाची चित्रपद्धत निवडून घेतलेला व्हिडिओच अधिक निर्मळ येतो.

छायाचित्रांच्या बाबतीत ही अडचण जुनीच सुटलेली आहे. ‘रॉ’ स्वरूपातील छायाचित्रात बहुतेक कॅमेरे १२ किंवा १४ बिट नोंद करतात, आणि १४ बिट म्हणजे प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या. त्यामुळे आजच्या कोणत्याही नामांकित मिररलेस कॅमेऱ्याची छायाचित्रे कॅटलॉगला पुरून उरतात. २० मेगापिक्सेल की २६, हा वाद व्हॉट्सॲपवर आणि संकेतस्थळावर माल दाखवणाऱ्या दुकानाने घालू नये. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामे घ्यायची असतील, तर परीक्षा व्हिडिओची घ्यावी.

कोणता घ्यावा

सोनीचा २०२१चा झेडव्ही-ई१० अनेक दुकानांत दिसतो. तो हलका आहे, चटकन फोकस धरतो आणि त्याला लेन्सा भरपूर मिळतात. पण त्याची व्हिडिओ-नोंद ८-बिट ४:२:० आहे. उजेड पक्का, जागा पक्की आणि नंतर रंगात फारसे फेरफार करायचे नाहीत, अशा ठिकाणी तो चालेल. कलर ग्रेडिंग हाच हेतू असेल तर तो बाजूला ठेवावा. २०२४ साली आलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत १०-बिट ४:२:२ आले, मात्र यांत्रिक शटर गेले. हे जाणे छायाचित्र काढणाऱ्याला महागात पडू शकते, कारण केवळ इलेक्ट्रॉनिक शटरवर काढलेल्या चित्रांत हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे उमटतात.

निकॉनचा झेड५० टू हाही २०२४चाच. त्यात १०-बिट एन-लॉग आहे, यांत्रिक शटर आहे, डोळा लावून पाहण्याचा व्ह्यूफाइंडर आहे. सेन्सर स्थिर राखण्याची सोय मात्र नाही. तिपाईवर कॅमेरा ठेवून काम करणाऱ्या दुकानाला तिची उणीव भासत नाही. विणकराच्या मागाभोवती हातात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला भासते. ती सोय हवी असेल तर फुजीफिल्मचा एक्स-एस२० आणि सोनीचा ए६७००, हे दोन्ही २०२३चे कॅमेरे पाहावेत. दोन्हींत २६ मेगापिक्सेल, १०-बिट ४:२:२, लॉग आणि यांत्रिक शटर आहे. काम हातात कॅमेरा धरूनही करायचे असेल, तर छायाचित्र आणि व्हिडिओ यांचा तोल या वर्गात सर्वांत चांगला याच दोघांनी साधला आहे. फुजीच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. त्याच्या ‘फिल्म सिम्युलेशन’ नावाच्या तयार रंगछटा फार मोहक असतात. ‘वेल्विया’ लावली की राणी रंगाची साडी अशी झळकते की विकणाराच प्रेमात पडावा. सहलीच्या चित्रांना ती शोभते. विक्रीच्या चित्रांना ती लावली, की साडी परत येण्याची सोय आपणच केली असे समजावे.

फुल-फ्रेमचा मोह येथे आवरावा. कॅननचा आर८ आणि पॅनासोनिकचा एस५ टू हे उत्तम कॅमेरे आहेत. एस५ टूमध्ये तर गरम हवा बाहेर टाकणारा पंखाही आहे, आणि मे महिन्यात बंद खोलीत तासन् तास चित्रण करणाऱ्याला त्याचे मोल कळते. पण मोठ्या सेन्सरचा खरा लाभ कमी उजेडात होतो. साडी दाखवताना उजेड आपण लावतो, आणि निऱ्यांपासून पदरापर्यंत सारे स्पष्ट दिसावे म्हणून लेन्सचे छिद्र एफ/५.६ किंवा एफ/८ इतके लहान ठेवतो. मग मोठ्या सेन्सरसाठी आणि त्याच्या महागड्या लेन्ससाठी मोजलेले पैसे कोठे वसूल व्हायचे? वापरलेला कॅमेरा घेणाऱ्यास मात्र पॅनासोनिकचा २०२०चा मूळ एस५ विचारात घेण्याजोगा आहे. १०-बिट ४:२:२ आणि व्ही-लॉग त्यात आहेत. हलत्या माणसावर त्याचा फोकस डळमळतो, म्हणून नव्या आवृत्तीपुढे तो मागे पडला. स्टँडवर लावलेली साडी कोठे हलत नाही.

ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट सिनेमा कॅमेऱ्याचे नावही तरुणांच्या तोंडी असते. रंगसंस्काराच्या दृष्टीने तो वरचढ आहे, पण छायाचित्रे काढण्यासाठी तो बनवलेला नाही. एक खरेदी, दोन कामे, या अटीत तो बसत नाही.

उरलेले निम्मे भांडवल

समजा, पेढीने या कामासाठी १ लाख ५० हजार रुपये बाजूला काढले. सर्व रक्कम कॅमेऱ्यात घातली तर घर बांधून वीजजोडणीला पैसे न उरण्यातला प्रकार होतो. कॅमेऱ्याच्या मुख्य भागाला ८० हजार, लेन्सला ३२ हजार, दिवे व स्टँडला १६ हजार, कार्डे, जादा बॅटरी आणि साठवणुकीच्या ड्राइव्हला १४ हजार, तिपाई व रंगपट्टी यांना ८ हजार, अशी काहीशी विभागणी धरावी. अधिक पैसे हाती आले तर ते प्रथम लेन्सवर घालावेत. कॅमेऱ्याची नवी आवृत्ती दर तीन-चार वर्षांनी येते आणि जुन्याची किंमत घसरते. चांगली लेन्स त्याहून पुष्कळ काळ मोल धरून राहते. साडीच्या पूर्ण दृश्याला एपीएस-सी सेन्सरवर ३५ मिलिमीटरची लेन्स सोयीची. फार रुंद लेन्स जवळून लावली, की काठ वाकडे दिसतात.

साठवणुकीचा हिशोब आधीच मांडावा. सेकंदाला २०० मेगाबिट वेगाने होणारी नोंद म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट, मिनिटाला दीड गिगाबाइट आणि तासाला ९० गिगाबाइट. या वेगाला व्ही३० खुणेचे कार्ड जेमतेम पुरते. व्ही६० घेतले तर निर्धास्त राहता येते.

संस्कारासाठी दा विंची रिझॉल्व्ह ही प्रणाली मोफत मिळते, आणि तिची ती आवृत्ती दुकानाला पुरेशी आहे. खरेदीपूर्वी एकच गोष्ट तपासावी. काही १०-बिट फाइली विंडोज संगणकावरील मोफत आवृत्तीत उघडत नाहीत, ही अडचण अनेकांना आलेली आहे. कॅमेरा घरी आल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

कार्यक्रमापत्रिकेत ज्याला कोणी विचारत नाही, ते सर्वांत स्वस्त साधन रंग बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण दूर करते. ते म्हणजे करडी पट्टी, म्हणजेच ग्रे कार्ड. कॅमेरा ‘ऑटो व्हाइट बॅलन्स’वर सोडला, की तो प्रत्येक दृश्यातील रंगांची सरासरी पाहून पांढरा कोणता हे स्वतः ठरवतो. चौकटभर लाल शालू पसरला की त्याला लाली अधिक वाटते आणि तो ती कमी करतो. त्यानंतर हिरवी साडी आली की उलट करतो. एकाच दुपारी, एकाच दिव्याखाली काढलेल्या दहा साड्या मग दहा प्रकारे खोट्या ठरतात. ज्या उजेडात काम करायचे तेथे प्रथम करडी पट्टी दाखवून व्हाइट बॅलन्स निश्चित करावा आणि उजेड बदलेपर्यंत त्याला हात लावू नये. २४ रंगांच्या चौकोनांची रंगपट्टी प्रत्येक सत्राच्या आरंभी चित्रित करून ठेवली, तर रिझॉल्व्हमध्ये तिच्याशी रंग जुळवण्याची सोय आहे. छायाचित्रे आणि व्हिडिओ यांचे रंग एकमेकांशी मिळवण्यास तोच आधार.

दिवे घेताना ‘सीआरआय ९५’ किंवा अधिक असा उल्लेख पाहावा. खिडकीचे ऊन, छताची ट्यूबलाइट आणि नवे दिवे यांचे मिश्रण करू नये; खिडकीला पडदा, ट्यूब बंद. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवावे, म्हणजे दिव्यांची लुकलुक चित्रात येत नाही. परदेशी व्हिडिओ पाहून ३० फ्रेम आणि १/६० धरणाऱ्यांना ती लुकलुक का येते हेच पुष्कळ दिवस उमगत नाही.

एवढे करूनही काही रंग दगा देतात. वांगी आणि जांभळे रंग कॅमेऱ्याला अनेकदा निळे दिसतात, कारण सेन्सरची नजर आणि माणसाची नजर सर्वस्वी एक नाही. दोन निरनिराळ्या रंगद्रव्यांत रंगवलेली साडी आणि ब्लाऊजपीस दुकानातील दिव्याखाली जुळतात आणि उन्हात फटकून दिसतात, हे तर कापडाच्या धंद्यातील प्रत्येकाने पाहिलेले आहे. अशा वेळी रंग जुळवून घेतलेल्या मॉनिटरच्या शेजारी साडी धरून डोळ्यांनी ताळा घ्यावा, आणि तरीही फरक राहिला तर ‘प्रत्यक्षात रंग किंचित अधिक तांबूस’ असे चित्राखाली लिहावे. शेवटची तपासणी दोन-तीन साध्या फोनांवर करावी, कारण ग्राहक मॉनिटरवर पाहत नाही.

हे वाचून एखाद्या लहान दुकानदाराला वाटेल की मग कॅमेराच कशाला हवा. महिन्याला दहा-पंधरा साड्याच दाखवायच्या असतील, तर त्याचे म्हणणे योग्य आहे. दिवे आणि करडी पट्टी घ्यावी आणि मोबाइलवर ब्लॅकमॅजिकचे मोफत कॅमेरा ॲप घालून व्हाइट बॅलन्स व शटर पक्के करावे. एका हंगामात माल परत येण्याचे प्रमाण किती उतरते ते वहीत नोंदवावे. कॅमेऱ्याची मागणी मग त्या नोंदीसकट घरात मांडता येते.

बिल आणि चाचणी

खरेदी करताना बिल पेढीच्या नावे आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावे. कॅमेरा व्यवसायासाठी वापरला जात असेल तर त्यावरील १८ टक्के कराची वजावट नियमानुसार मिळू शकते. मात्र त्याच कराच्या रकमेवर घसारा धरला तर ती मिळत नाही, आणि कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला तर नाहीच. घरच्या लग्नकार्यातही तो कॅमेरा फिरणार असेल, तर किती वजावट घ्यावी हे करसल्लागाराला आधी विचारावे. बिलाविना चार-पाच हजार स्वस्त मिळणारा परदेशातून आणलेला कॅमेरा भारतात हमीविना राहतो आणि वजावटही बुडते. व्यापाऱ्याने तरी हा सौदा करू नये. वापरलेला घेताना शटर किती वेळा उघडले याचा आकडा, सेन्सरवरील डाग आणि मूळ बिल पाहावे.

विक्रेत्याच्या दालनातील झगमगाटात कोणताही कॅमेरा चांगलाच दिसतो. म्हणून मन बसलेला कॅमेरा आधी एक दिवस भाड्याने आणावा. पुण्या-मुंबईत तशी सोय सहज आहे. दुकानातील तीन अवघड साड्या निवडाव्यात : एक गर्द लाल, एक वांगी, एक जरीची धूपछाँव पैठणी. आपल्याच दिव्यांखाली, आपल्याच करड्या पट्टीवर प्रत्येकीचे एक रॉ छायाचित्र आणि एक मिनिटाचा १०-बिट लॉग व्हिडिओ घ्यावा. पैठणी व्हिडिओत हळूहळू फिरवावी. त्या फाइली घरच्या संगणकावर उघडाव्यात, रंग लावावेत आणि तयार झालेला व्हिडिओ दुसऱ्या गावच्या बहिणीला किंवा मेहुण्याला पाठवून फोनवर विचारावे, ‘कोणता रंग दिसतो?’ साडी हातात धरून उत्तर ऐकावे. घरचे माणूस ग्राहकासारखी भीड ठेवत नाही.